हरिबाचा आठवा ठोका

बास वाजवणाऱ्या माणसाला जन्मभर एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, असं जयराजचं मत होतं. शनिवारी सकाळी सातच्या सातारा-सांगली एसटीत कंडक्टरनं ते पुन्हा एकदा खरं करून दाखवलं. जयराजच्या मांडीवरच्या लांबलचक पिशवीची चेन थोडी उघडी होती. तिथून कंडक्टर आत डोकावला आणि म्हणाला, "गिटारीच्या दोन तारा तुटल्यात व्हय?"

पूर्वी जयराज समजावून सांगायचा की तुटल्या नाहीत, बासला चारच तारा असतात, त्या जाड असतात आणि त्यांचं काम वेगळं असतं. समोरचा माणूस ऐकून घ्यायचा आणि गरिबाची अडचण समजल्यासारखी मान हलवायचा. म्हणून हल्ली जयराज सरळ 'व्हय' म्हणत असे. आजही तो 'व्हय' म्हणाला. कंडक्टरला बरं वाटलं. त्यानं सांगलीत तारा कुठं मिळतात तेही सांगितलं.

जयराज मूळचा पलूसचा, ऊसवाल्या घरातला, वय तेहतीस. साताऱ्याच्या एमआयडीसीत मशीनवर सहा दिवस लोखंड कातायचं आणि सुट्टी मिळेल तेव्हा 'उरमोडी' नावाच्या बँडमध्ये बास वाजवायचा, असं त्याचं आयुष्य. बास कुणाला ऐकू येत नाही, याचं त्याला पहिली दोन वर्षं वाईट वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की घरातला फ्रिजसुद्धा कुणाला ऐकू येत नाही, पण लाइट गेली आणि तो आवाज थांबला की सगळं घर एकदम मान वर करून बघतं. तेव्हापासून त्यानं वाईट वाटून घेणं सोडलं.

शेजारच्या सीटवर हरिबा बसला होता. बँडचा ड्रमवाला. वय त्रेपन्न, मिशी पांढरी, पाठ भिंतीसारखी सरळ. बावीस वर्षं पलटणीच्या बँडमध्ये ड्रम वाजवून तो हवालदार म्हणून घरी आला होता. पण सातारा जिल्ह्यात फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला 'मेजर'च म्हणतात, त्यामुळं तोही मेजर होता. तो सध्या मांडीवर दोन बोटांनी ठेका धरून खिडकीतून बाहेर बघत होता. तो ठेका जयराजला ओळखीचा होता, आणि म्हणूनच तो तिकडं बघायचं टाळत होता.

कारण याच हरिबाला सांगली यायच्या आत एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायची जबाबदारी जयराजवर आली होती.

गोष्ट अशी की 'उरमोडी' पोटासाठी लग्नं, हळदी, उद्घाटनं असं सगळं वाजवत असे, पण तिचा जीव दुसरीकडं होता. जयराज सांगलीत डिप्लोमाला असताना होस्टेलच्या एका मित्रानं त्याला पेनड्राइव्ह दिला होता. त्यात परदेशी बँडची गाणी होती, त्यातलं एक गाणं बावीस मिनिटांचं. पहिल्यांदा ऐकताना जयराजला वाटलं, ही पाच-सहा गाणी आहेत, मध्ये थांबायला विसरलेत. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं की गाणं एकच आहे, आणि त्यात वेगवेगळ्या चाली, वेगवेगळे ठेके एका घरात नांदतात, भांडतात आणि शेवटी एका ताटात जेवतात. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे त्याला फार नंतर समजलं.

त्या संगीताबद्दल त्याची मतं ठाम होती. तो म्हणायचा, यातले निम्मे लोक नुसती आकडेमोड दाखवायला वाजवतात. पाच मात्रा, अकरा मात्रा, सतरा मात्रा. लांबलचक उखाणा पाठ करून घेणारी नवरी आणि हे लोक सारखेच, ऐकणाऱ्याला नाव कधी येतंय याचीच वाट बघावी लागते. आणि दुसरं मत असं की ज्याला हळदीला चार बायका नाचवता येत नाहीत, त्यानं सात मात्रांतलं शहाणपण कुणाला शिकवू नये. त्यामुळं जयराज हळदीलाही मन लावून वाजवायचा. नवरदेवाच्या मामाला गायचंच असतं, हे त्यानं मान्य केलं होतं. मांडव कितीही मोठा असला तरी प्लगपॉइंट स्टेजपासून लांबच असतो, आणि जो माणूस 'आपलंच घर समजा' म्हणतो त्याच्याकडं बँडवाल्यांना जेवण शेवटच्या पंगतीला मिळतं, हेही त्याला पाठ झालं होतं. त्याची तक्रार नव्हती. त्याला फक्त एकदा, एकदाच, 'पाणीपाळी' लोकांसमोर शेवटपर्यंत वाजवायची होती.

'पाणीपाळी' ही त्याची स्वतःची रचना. चौदा मिनिटांची, सात मात्रांची, शब्द फक्त शेवटच्या दोन मिनिटांत. ती सुचली पलूसला वडिलांच्या उसात. त्याचे वडील केरबा यांच्याकडं उसाला पाणी उपसायचं एक जुनं डिझेल इंजिन होतं. ते सात ठोके नीट द्यायचं, आठवा धाप लागल्यासारखा गिळायचं आणि लगेच पुन्हा एकपासून सुरू व्हायचं. जयराज लहानपणापासून बांधावर बसून ते ऐकत आला होता. पुढं रचना तयार झाल्यावर त्यानं वडिलांना मोबाइलवर ऐकवली. केरबांनी दोन मिनिटं कान लावला आणि ते म्हणाले की झकास आहे, पण मिस्त्री बोलावून घे.

लोकांसमोर 'पाणीपाळी' चारदा सुरू झाली आणि एकदाही संपली नाही. कराडच्या एका कॉलेजात चौथ्या मिनिटाला प्रमुख पाहुणे आले, मग शाल, नारळ आणि पाऊण तासाचं भाषण. हायवेवरच्या एका हॉटेलच्या उद्घाटनाला सहाव्या मिनिटाला लाइट गेली. पलूसला चुलतबहिणीच्या लग्नात खुद्द जयराजची आईच स्टेजवर चढली आणि पाहुणे कंटाळलेत, नाचायचं काहीतरी लाव म्हणाली. चौथ्यांदा साताऱ्यात सगळं जुळून आलं. पाहुणे वेळेवर येऊन गेले होते, लाइट होती, आई पलूसला होती. आणि नवव्या मिनिटाला हरिबानं आठवा ठोका दिला.

सात मात्रांच्या ठेक्यात आठवा ठोका म्हणजे चालत्या ट्रॅक्टरपुढं गतिरोधक. बास एकीकडं, गिटार दुसरीकडं, सगळी रचना चौखूर उधळली आणि थांबली.

हरिबाची चूक आळसाची नव्हती, अडाणीपणाची तर मुळीच नव्हती. त्याच्या हातात काय ताकद आणि काय सफाई होती, ते बघायला दुसरे ड्रमवाले यायचे. त्याचं दुखणं पायात होतं. बावीस वर्षं तो चालत वाजवत आला होता, आणि फौजेत पहिलं पाऊल डावं. मोठा ठोका डाव्या पायावर, हे त्याच्या हाडात गेलेलं. बाकी सगळे ड्रमवाले मोठा ड्रम उजव्या पायानं वाजवतात, हरिबा डाव्या पायानं वाजवायचा, त्यासाठी त्यानं सगळा सेट उलटा मांडून घेतला होता. चार मात्रांत, आठ मात्रांत काही अडचण नाही, दर फेरीला डावा पाय जागेवर येतो. पण बसून वाजवतानाही त्याचे पाय मनात चालतच असत, आणि सात मात्रांची एक फेरी संपली की दुसरीचा पहिला ठोका उजव्या पायावर पडतो. तिथं हरिबाच्या आतला हवालदार अस्वस्थ व्हायचा. आठ-नऊ मिनिटं तो मनानं दाबून धरायचा, मग एक बेसावध क्षण यायचा आणि पाय हळूच एक जादा ठोका देऊन परत डाव्यावर यायचा.

बँडमध्ये की-बोर्ड वाजवणारी आणि गाणारी संयोगिता शाळेत संगीत शिकवायची. तिनं त्याला सांगितलं की यात परकं काही नाही, आपला रूपक ताल सातचाच आहे. हरिबा नम्रपणे म्हणाला होता, "व्हय मॅडम, पर रूपकात परेड करत न्हाईत."

आता रविवारी सकाळी सांगलीत एक कार्यक्रम होता. स्वतःच्या रचना वाजवणाऱ्या बँडसाठी काही हौशी लोकांनी ठेवलेला, प्रत्येकाला वीस मिनिटं, मध्ये सत्कार नाही असं लेखी कळवलेलं. अशी संधी आयुष्यात पुन्हा यायची नाही. बुधवारी तालमीनंतर हरिबा घरी गेल्यावर गिटारवाला पृथ्वीराज बाकीच्या दोघांना थांबवून बोलला. तालीम त्याच्याच घरच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत चालायची, आणि तो माणूस तसा मनानं वाईट नव्हता. त्यानं लॅपटॉपवर 'पाणीपाळी'चे ड्रम भरून आणले होते. लॅपटॉपला पाय नसतात, म्हणाला. रविवारी 'पाणीपाळी'च्या वेळी मेजरनं खाली बसावं, आणि हे त्यांना जयराजनं सांगावं, कारण रचना जयराजची आहे आणि मेजरचा जीवही जयराजवर आहे. संयोगिता की-बोर्डची वायर गुंडाळत राहिली, पण तिनं नाही म्हटलं नाही. आणि जयराजनं मान हलवली. ती मान हलवल्यापासून त्याला स्वतःचाच राग येत होता.

कारण बँड सुरू झाला तोच मुळी हरिबामुळं. सहा वर्षांपूर्वी जयराज साताऱ्याच्या गोडोलीत भाड्याच्या खोलीत एकटाच बास घुमवत बसायचा. वरच्या मजल्यावरून तक्रार करायला म्हणून हरिबा खाली आला, दारात उभा राहून ऐकत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी ड्रमच्या काठ्या घेऊन आला. 'पाणीपाळी'साठी तो दोन वर्षं रोज पहाटे जुन्या टायरवर सराव करत होता. त्याची बायको अंजना म्हणायची की फौजेत असताना निदान घरी तरी शांतता होती.

शनिवारचं काम हरिबानंच आणलं होतं. कवठे महांकाळच्या पुढं एका गावचा सूरज नावाचा जवान सतरा वर्षांची नोकरी करून घरी येत होता. हरिबाच्याच पलटणीतला, त्याच्या हाताखाली वाढलेला पोरगा. आपल्याकडं जवान निवृत्त होऊन आला की गाव त्याची मिरवणूक काढतं, वेशीपासून घरापर्यंत. त्या मिरवणुकीत वाजवायचं आणि दुसऱ्या दिवशी तिकडूनच सांगलीला यायचं, असं ठरलं. सामान घेऊन पृथ्वीराज आणि संयोगिता टेम्पोनं पुढं गेले. टेम्पोत दोनच सीट होत्या, म्हणून हरिबा आणि जयराज एसटीत. पृथ्वीराजनं जाताना जयराजकडं बघून भुवई उडवली होती. चार-पाच तासांचा प्रवास आहे, तेवढ्यात सांगून होईल, असा त्याचा अर्थ.

कराडच्या आधी जयराजनं घसा खाकरला. हरिबानं पिशवीतून खोकल्याची गोळी काढून दिली. कराड स्टँडवर चहा घेताना जयराज म्हणाला, "मेजर, उद्याच्याबद्दल जरा बोलायचं हुतं."

"बोल की, गड्या."

"न्हाई, म्हंजे... कपडे कंचं घालायचं?"

हरिबानं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं आणि काळा शर्ट म्हणाला. सांगलीपर्यंत जयराज डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन बसला. शेजारी हरिबाची बोटं मांडीवर चालूच होती, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन.

गावाच्या फाट्यावर दुपारी चार वाजता मिरवणूक निघाली. पुढं उघडी जीप, तिच्यात हारांच्या ढिगाऱ्यातून नाक आणि मिशी तेवढी दिसणारा सूरज, शेजारी त्याची बायको माया. मागं सूरज-हरिबाच्या पलटणीतले पंचवीस-तीस माजी सैनिक, डोक्यावर बॅरे टोप्या, छातीवर मेडलं. त्यांच्यामागं ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्यात जनरेटर, स्पीकर, पृथ्वीराज आणि संयोगिता. हरिबानं ट्रॉलीत बसायला साफ नकार दिला. जवानाचा मान चालू असताना बसून वाजवायचं नसतं, म्हणाला. त्यानं आपलीही मेडलं लावली, फौजेतला जुना ड्रम गळ्यात अडकवला आणि सैनिकांच्या शेवटच्या रांगेत चालू लागला. त्याला सोडून आपण वर कसं बसायचं म्हणून जयराजही बास गळ्यात घालून खाली उतरला. फक्त त्याच्या बासची वायर ट्रॉलीतल्या स्पीकरला जोडलेली, वीस फुटांची. दावं लावलेल्या खोंडासारखा तो ट्रॉलीच्या अंतरानं चालत होता.

तासभर त्यांनी देशभक्तीची गाणी वाजवली, मग नाचाची, मग पुन्हा देशभक्तीची. गावानं दारोदारी रांगोळ्या काढल्या होत्या. बिरोबाच्या देवळापुढं मिरवणूक थांबली. तिथं सूरजचा बाप धुळाआप्पा गावातल्या ढोलवाल्यांना घेऊन उभा होता. सत्तरीपुढचा माणूस, वाळक्या बाभळीसारखा काटक, डोक्यावर लाल पटका, गळ्यात मोठा ढोल. अर्धं आयुष्य त्यानं मेंढरांमागं काढलं होतं आणि उरलेलं अर्धं या ढोलामागं. त्यानं आपल्या गड्यांबरोबर ढोल घुमवला, भंडारा उधळला, आणि लेकाला देवापुढं नेलं. मग बायका सूरजला ओवाळायला पुढं आल्या. बायका पुष्कळ होत्या, म्हणून सगळे थांबून राहिले.

थांबलं की जयराजची बोटं गप्प बसत नसत. मनात उद्याचं ओझं होतं, हरिबा समोर तीन हातांवर उभा होता, आणि अजून सांगणं झालं नव्हतं. त्याची बोटं आपसूक 'पाणीपाळी'चा सुरुवातीचा भाग वाजवू लागली. हळू आवाजात, स्वतःपुरतं. सात ठोके, आठवा गिळलेला, पुन्हा सात.

धुळाआप्पा देवळाच्या पायरीवरून उतरून त्याच्यापुढं येऊन उभा राहिला. त्यानं तारा मोजल्या नाहीत. तो डोकं कलतं करून ऐकत राहिला, आणि चौथ्या फेरीला त्यानं ढोलावर काठी टाकली. मग बरोबर सातव्यानंतर पुन्हा टाकली. पुन्हा टाकली. तो मोजत नव्हता, हे त्याच्या तोंडाकडं बघूनच कळत होतं. त्याचं अर्धं लक्ष ओवाळणाऱ्या बायकांकडं होतं.

हरिबाला राहवलं नाही. त्यानंही काठ्या उचलल्या. जागच्या जागी पावलं टाकत तो शिरला, आणि क्षणभर तिघांचं असं काही जुळलं की जयराजच्या अंगावर काटा आला. विसावी-बाविसावी फेरी असेल. हरिबाचा आठवा ठोका पडला. बास आणि ढोल पुढं निघून गेले आणि हरिबा मध्येच उभा राहिला, पलटणीच्या तीस माणसांसमोर. पलटणीच्या लोकांना सात मात्रा कळत नव्हत्या, पण हरिबा हवालदाराचं पाऊल चुकलं हे त्यांना बरोबर कळलं. त्यानं काठ्या खाली केल्या. त्याचा चेहरा जयराजला बघवेना. आत्ताच सांगून टाकावं, म्हणजे उद्या पुन्हा हे नको, असं त्याच्या मनात आलं.

पण हरिबा धुळाआप्पाशी बोलत होता. "आवं आप्पा, ह्यात दुसऱ्या फेरीला उजवा पाय म्होरं येतो."

"मग येऊ दे की," धुळाआप्पा म्हणाला. "उजवा पाय काय दुसऱ्याचा हाय?"

सैनिकांत कुणीतरी हसलं. धुळाआप्पा हसला नाही. त्याला खरोखरच अडचण समजली नव्हती. "आमी जलमभर मेंढरामागं चाललो. पयला पाय कंचा टाकला, ते कवा बघितलं न्हाई. मेंढरू कुठं चाललंय, तेवढं बघायचं. तू पायाकडं बघू नको. ह्या पोराच्या जाड तारंकडं बघ. ती जाईल तिकडं जा."

तेवढ्यात ओवाळणं संपलं आणि जीप सुरू झाली. देवळापासून धुळाआप्पाची वस्ती गावाबाहेर पाऊण किलोमीटरवर. ढोल थांबला नव्हता, त्यामुळं बासही थांबला नाही. हरिबा थोडा वेळ नुसताच चालला. मग त्यानं मान वळवली आणि जयराजच्या हाताकडं बघितलं. सहा वर्षांत तो वाजवताना कधी जयराजकडं बघत नसे, समोर बघायचा, सलामी देताना बघतात तसा. आता त्यानं जयराजच्या बोटांवर डोळे लावले आणि काठ्या उचलल्या.

जयराजला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की आपला बास कुणाला तरी ऐकू येतोय. त्यानं बासचा आवाज थोडा वाढवला.

ट्रॉलीत संयोगितानं मान वर केली. तिनं काही न विचारता सूर धरले. पृथ्वीराज गिटार खाली ठेवून पाणी पीत होता, त्यानं बाटली तशीच ठेवली आणि तोही आला. डाव्या हाताला ज्वारी, उजव्या हाताला बाभळी, मध्ये कच्चा रस्ता, पुढं जीप, मागं ढोल, आणि 'पाणीपाळी' चालू. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला माजी सैनिकांची पावलं गोंधळली. मग एका म्हाताऱ्या सुभेदारानं 'कदम बदल' अशी आरोळी ठोकली आणि गंमत म्हणून सगळ्यांनी बदलला. पुढच्या फेरीला पुन्हा आरोळी, पुन्हा बदल. दहा फेऱ्यांनंतर आरोळीची गरज राहिली नाही, आणि पाय बदलायचीही. तीस माणसं एकदा डाव्यावर आणि एकदा उजव्यावर जोर देत, हसत, डुलत निघाली. दोन फेऱ्यांत डावा पाय आपोआप घरी येतो, हे त्यांना चालताना कळलं.

आठवं मिनिट आलं. नववं आलं. त्याला हरिबाच्या पायांकडं बघायचं नव्हतं, तरी त्यानं बघितलं. फौजी बूट धुळीनं पांढरे झाले होते. उजवा पडला, मोठा ठोका त्याच्यावर पडला. मग डावा. मग परत उजवा. दहावं मिनिट गेलं. अकरावं गेलं. मिरवणुकीची एक गोष्ट चांगली असते, घर येईपर्यंत कुणाला थांबता येत नाही. पाहुणे जीपमध्ये अडकलेले, लाइट स्वतःच्या जनरेटरची, आणि जयराजची आई पलूसला.

शेवटचे शब्द संयोगितानं गायले तेव्हा वस्तीचं फाटक समोर आलं होतं. पाट आला, वाफा भिजला, आता झोप बापू, एवढेच शब्द. शेवटचा सातवा ठोका हरिबा, जयराज आणि धुळाआप्पा यांनी एकदम दिला आणि एकदम थांबले.

टाळ्या पडल्या नाहीत. संपलं असं कुणाला वाटलंच नव्हतं. सूरजची आई बनुबाई फाटकात भाकरतुकडा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "का रं थांबलासा? चांगलं चाललं हुतं की." बास हातात घेतल्यापासूनच्या बारा वर्षांत जयराजला लोकांनी 'कधी थांबणार' असं पुष्कळदा विचारलं होतं. 'का थांबलास' हे पहिल्यांदा. तो त्या म्हातारीच्या पाया पडला. तिला वाटलं, बँडवाल्यांत तशी रीत असेल.

रविवारचं फार सांगण्यासारखं नाही. सांगलीच्या सभागृहात ऐंशी माणसं होती, त्यांपैकी अकरा माणसं सूरजच्या गावची, तिसऱ्या रांगेत लाल पटक्यासकट. पृथ्वीराजनं लॅपटॉपची पिशवी टेम्पोतच ठेवली आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. हरिबानं ड्रमचा सेट तसाच उलटा मांडला, फक्त तोंड प्रेक्षकांकडं न करता जयराजकडं केलं. चौदा मिनिटं झाली, 'पाणीपाळी' संपली, आणि या वेळी टाळ्याही पडल्या. खाली उतरल्यावर चष्मा लावलेले एक गृहस्थ जयराजला भेटले, रचनेचं मनापासून कौतुक केलं, आणि म्हणाले, "दोन तारा कमी असूनही छान वाजवलंत."

दुपारच्या सातारा गाडीत दोघं पुन्हा शेजारी बसले. हरिबानं बनुबाईनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी काढली आणि अर्धी जयराजच्या हातावर ठेवली. गाडी सांगलीबाहेर पडल्यावर तो सहज म्हणाला, "लॅपटॉपचं मला बुधवारीच कळलं हुतं."

जयराजच्या हातातला घास हातातच राहिला.

"काठ्या गिरणीत विसरल्या म्हनून माघारी आलो हुतो. दारातनं समदं ऐकलं. पृथ्वीराजचं खोटं न्हवतं काय." हरिबा चटणीत भाकरी बुडवत होता. "म्हनलं, जयराज सांगंल तवा गप उतरून बसायचं. फौजेतला माणूस मी, हुकूम त्यो हुकूम. बुधवार, गुरुवार, शुक्रवार वाट बघितली. कराडात तू कपडं कंचं घालायचं इचारलंस, तवा म्हनलं, ह्या पोराला अजून आपली आशा हाय. मग मीबी सोडली न्हाई."

जयराजला खोटा मान घेणं जमेना. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आवं मेजर, आशा कुठली. मी भित्रा. माझी जीबच उचलंना."

"त्येच म्हंतोय मी," हरिबा म्हणाला. "ज्याची आशा सुटली, त्याला सांगताना कुनाची जीब अडती व्हय?"

जयराजनं घास तोंडात घातला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते चटणीनं आलं असं दाखवलं. पुढून कंडक्टर तिकिटं फाडत येत होता, कालचाच. त्यानं जयराजच्या मांडीवरच्या पिशवीकडं बघून विचारलं, मिळाल्या का तारा.

"मिळाल्या," जयराज म्हणाला. शेजारी हरिबाचे दोन्ही पाय सीटखाली चालू होते, एकदा डावा, एकदा उजवा.